बाग लावणं आणि बाग सोपवणं

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण. पडद्यावर दाखवलेली चित्रं इथे अर्थातच नाहीत. बाकी मजकूर बोलण्याच्या ओघातच ठेवला आहे.)



सचिवांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "स्कॉटलंडमधल्या बघण्यासारख्या बागा." ते जरा थांबले आणि म्हणाले, "काकू, फोटो आहेत ना? नाहीतर अर्धे लोक चहाच्या वेळेलाच येतील." फोटो आहेत. पण फोटो दाखवायच्या आधी हा विषय का घेतला ते सांगते.

जुन्या सभासदांना आपले बागवाले काका आठवत असतील. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सहाला नळी घेऊन खाली. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. त्यांनी पगार घेतला नाही आणि समितीत पदही घेतलं नाही. एका मे महिन्यात ते अचानक गेले. आपण सगळेच हळहळलो. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की मागच्या अंगणातली झाडं माना टाकतायत. तिथे तीन कॉक आहेत. कुठला कॉक उघडला की पाणी कुठे जातं, हे फक्त काकांना ठाऊक होतं. प्लंबर येऊन लाइन शोधेपर्यंत जास्वंदीची अख्खी रांग गेली, अनंत गेला आणि त्यांनी नुकती लावलेली बकुळही गेली. झाडं पाण्यावाचून मेली असं आपण म्हणालो. मला मात्र तेव्हापासून वाटतं, ती माहितीवाचून मेली.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही लेकीकडे एडिनबरोला गेलो. दोन उन्हाळे राहिलो आणि जमतील तेवढ्या बागा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी फुलं तर बघितलीच, पण मनात एकच प्रश्न यायचा. लावणारा माणूस गेल्यावर हिला कुणी सांभाळलं? आज मी त्या प्रश्नाच्या धाग्यानेच तुम्हाला फिरवणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत. तुम्ही जाल तेव्हा किल्ले बघा, तळी बघा, पण दोन-चार दिवस या बागांसाठी राखून ठेवा.

आधी हवेबद्दल थोडं. स्कॉटलंड आपल्या कल्पनेपेक्षा बरंच उत्तरेला आहे. तिथल्या काही बागा मॉस्कोच्याही उत्तरेला आहेत. तरी पश्चिम किनाऱ्यावर ताडासारखी झाडं उघड्यावर वाढतात, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार पाण्याचा प्रवाह तो किनारा फार गोठू देत नाही. पश्चिमेला पाऊस भरपूर आणि हिवाळा सौम्य. पूर्वेला पाऊस कमी आणि थंडी जास्त कोरडी. जूनमध्ये एडिनबरोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे झाडांना दिवसभर कामच काम. एकूण हवा बागेला वाईट नाही. खरा शत्रू आहे वारा. समुद्रावरून येणारा खारा वारा कोवळी पालवी जाळून टाकतो. कोकणात किनाऱ्यालगत ज्यांची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको.

या वाऱ्याशी झगडून उभी राहिलेली बाग म्हणजे इन्व्हर्यू. वायव्य किनाऱ्यावर, पूलू नावाच्या गावाजवळ, समुद्राच्या एका खाडीत घुसलेल्या टेकाडावर ती आहे. इनव्हर्नेसहून गाडीने साधारण दोन तास लागतात. १८६२ साली ऑसगुड मॅकेन्झी नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या आईने ही जमीन घेऊन दिली. जमीन कसली, नुसता खडक. त्यावर काही इंच काळी, आंबट, दलदलीतली माती. झाड म्हणावं असं काही नाही, जेमतेम कमरेएवढं विलोचं झुडूप. माणसांनी पाठीवरच्या टोपल्यांतून माती वाहून आणली.

आता ऐका, या माणसाने आधी काय लावलं? फूल नाही. फळझाडही नाही. त्याने कडेने पाइनसारख्या काटक झाडांची रांग लावली, वारा अडवायला. पहिली चार-पाच वर्षं ती झाडं जागची हलेचनात. तरी तो थांबला. पंधरा-वीस वर्षांनी ती भिंत उभी राहिली, आणि मग तिच्या आडोशाने त्याने ऑस्ट्रेलियातले निलगिरी, न्यूझीलंडची झाडं, हिमालयातले ऱ्होडोडेंड्रॉन लावले. आज तिथे फिरताना बाहेर समुद्रावर लाटा फुटत असतात आणि आत झाडांखाली पान हलत नाही. समुद्राकडे तोंड करून एक भाजीपाल्याची बागही आहे. कोबी, वाटाणे, मध्ये गुलाब, आणि पलीकडे खाडीचं पाणी. आमचे हे तिथल्या बाकावरून तासभर उठलेच नाहीत.

ऑसगुड १९२२ मध्ये गेला. इथे माझा प्रश्न आला: पुढे काय? पुढे त्याची मुलगी, मायरी सॉयर. तिने वडिलांच्या हाताखाली काम केलेलं होतं, तिला प्रत्येक झाड ओळखीचं होतं. तिने तीस वर्षं ती बाग सांभाळली, वाढवली. आणि १९५२ साली, हयात असतानाच, तिने ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेच्या ताब्यात दिली. पुढच्याच वर्षी ती गेली. एक वर्ष उशीर केला असता तर काय झालं असतं, कोण जाणे.

या ट्रस्टचं नाव आज पुन्हा पुन्हा येईल म्हणून सांगते. १९३१ साली स्थापन झालेली ही संस्था. किल्ले, जुनी घरं, डोंगर, बागा, ज्यांचे मालक सांभाळू शकत नाहीत किंवा ज्यांना त्या जनतेसाठी ठेवायच्या आहेत, त्या ही संस्था सांभाळते. सरकारी खातं नव्हे. सभासदांच्या वर्गणीवर, तिकिटांवर आणि देणग्यांवर चालते. म्हणजे एका अर्थाने आपल्यासारखीच, फक्त सोसायटी फार मोठी.

आता एडिनबरो शहरातच येऊ, कारण बहुतेक जण तिथे जातातच. तिथली रॉयल बोटॅनिक गार्डन ही मोठी बाग. सत्तर एकर, आणि बागेत फिरायला तिकीट नाही. तिची सुरुवात झाली १६७० साली. आपल्याकडे तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला ते हे वर्ष. रॉबर्ट सिबाल्ड आणि अँड्र्यू बाल्फोर या दोन डॉक्टरांनी राजवाड्याजवळ चाळीस फूट बाय चाळीस फुटांचा तुकडा घेतला, औषधी वनस्पती लावायला. चाळीस बाय चाळीस! आपलं मुलांचं खेळायचं अंगण त्याहून मोठं आहे.

ही बाग तीनदा हलली. आधी गेली आज जिथे वेव्हर्ली रेल्वे स्टेशन आहे तिथे. मग १७६३ मध्ये लीथ वॉकला. मग १८२० पासून आजच्या जागी, इन्व्हर्लीथला. या शेवटच्या स्थलांतराला जवळजवळ तीन वर्षं लागली. विल्यम मॅकनॅब नावाचे मुख्य माळी होते. त्यांनी चांगली वाढलेली मोठी झाडं मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून, गाडीवर घालून शहरातून नेली. आपण फ्लॅट बदलताना तुळशीचं वृंदावन कसं न्यायचं याचा विचार करतो, तसं अख्ख्या बागेचं. गेल्या साडेतीनशे वर्षांत राजे बदलले, जागा बदलल्या, पण एका माळ्याकडून दुसऱ्याकडे बाग जात राहिली. कुठलं झाड कुठून आलं, कधी लावलं, याच्या नोंदी ठेवणं हे तिथे खुरप्याइतकंच रोजचं काम आहे. प्रत्येक झाडाच्या गळ्यात नावाची पट्टी आणि क्रमांक असतो. नातवाने विचारलं, "आजी, झाडांना आधार कार्ड आहे?" मी म्हटलं, हो रे, तसंच समज.

या बागेशी आपलं एक नातं आहे आणि ते मला तिथे गेल्यावरच कळलं. पुण्याजवळ दापोडी आहे ना, तिला इंग्रज दापुरी म्हणत. तिथे कंपनी सरकारच्या काळात एक बोटॅनिक गार्डन होती. १८३८ पासून तिचे प्रमुख होते अलेक्झांडर गिब्सन, एडिनबरोत शिकलेले स्कॉटिश डॉक्टर. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातली जंगलं तुटल्यामुळे काय नुकसान होतंय, हे त्यांनी तेव्हाच सरकारला लिहून कळवलं होतं. त्यांनी दापुरीच्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली, दीडशेहून जास्त. ती चित्रं आज एडिनबरोच्या या बागेच्या संग्रहात जपलेली आहेत. चित्रकार इथला, पोर्तुगीज वळणाच्या भारतीय घराण्यातला. त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. दापुरीची बाग संपली. चित्रं राहिली, कारण ती कुणीतरी फडताळात नीट ठेवली. आणि ज्याने काढली तो निनावी राहिला, कारण ते कुणी टिपलं नाही. मला हे ऐकून वाईटही वाटलं आणि आपले काकाही आठवले.

एडिनबरोत चालत जाता येईल अशी आणखी एक जागा सांगते. रॉयल माइल या गर्दीच्या रस्त्यावर, कॅननगेट भागात, डनबार्स क्लोज नावाचा एक बोळ आहे. बोळात शिरलं की अचानक छोटीशी बाग लागते, सतराव्या शतकातल्या पद्धतीची, कातरलेली झुडपं, बाक, शांतता. बाहेर पर्यटकांची झुंबड आणि आत चार माणसं. तिकीट नाही. ही बाग १९७०च्या दशकातली आहे, पण तिच्यामागची कल्पना जुनी, पॅट्रिक गेडिस यांची.

गेडिस हे नाव मुंबईकरांना माहीत हवं. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांनी. त्याआधी ते डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८०च्या दशकात लग्न झाल्यावर हे जोडपं एडिनबरोच्या जुन्या गावठाणातल्या एका गलिच्छ चाळवजा इमारतीत मुद्दाम राहायला गेलं. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी जिने झाडले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलं लावली. पुढे आजूबाजूच्या पडीक, कचरा टाकायच्या जागांची यादी केली आणि एकेक जागा साफ करून तिथे मुलांसाठी छोट्या बागा केल्या. या बागांचं आखणीचं आणि देखरेखीचं बरंच काम त्यांच्या मुलीने, नोरा गेडिसने केलं. पुन्हा मुलगीच, बघा! त्यातली एक, जॉन्स्टन टेरेसची, किल्ल्याच्या पायथ्याशी अजून आहे. आता ती छोटं वन्यजीव अभयारण्य म्हणून सांभाळली जाते. आपली सोसायटी झाली तेव्हा मागे डबर आणि सिमेंटच्या गोण्या होत्या. तिथे रविवारी रविवारी सगळ्यांनी मिळून माती टाकली. ज्यांनी टाकली त्यांना गेडिस वेगळे समजावून सांगायला नकोत.

शहराबाहेर पडलात तर पर्थला जा. एडिनबरोहून रेल्वेने साधारण दीड तास. तिथे ब्रँकलिन नावाची बाग आहे, दोन एकरांच्याही आतली. १९२२ मध्ये जॉन आणि डोरोथी रेंटन या नवरा-बायकोने टेकडीच्या उतारावर घर बांधलं आणि बाग सुरू केली. दोघंही हौशी. त्या काळात हिमालय, तिबेट, चीनमधून बिया गोळा करून आणणारे संग्राहक होते. त्यांतल्या बिया रेंटन बाईंनी मिळवल्या आणि उगवून दाखवल्या. इथली राणी म्हणजे निळी पॉपी. आकाशाचा निळा रंग पातळ रेशमी कागदावर उतरवावा तसं फूल. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जे जाऊन आले त्यांनी हिच्या कुळातलं फूल पाहिलं असेल. हिला ऊन सोसत नाही, कोरडं सोसत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेत ती रुसून बसते, स्कॉटलंडच्या थंड ओल्या उन्हाळ्यात खुलते. तिच्या काही जाती एकदाच फुलतात आणि मरतात. म्हणजे बी वेळेवर धरून, ताजं असतानाच पेरलं नाही, तर पुढच्या वर्षी काहीच नाही. अशी बाग एक-दोन वर्षं जरी दुर्लक्षित राहिली तरी संपते. रेंटन बाई १९६६ मध्ये गेल्या, त्यांचे यजमान पुढच्या वर्षी. त्यांनी मृत्युपत्रात बाग ट्रस्टला लिहून ठेवली होती, म्हणून ती आज आहे. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत जा, निळी पॉपी नक्की भेटेल.

आता जरा राजेशाही थाट. अ‍ॅबरडीनच्या बाजूला दोन बागा आहेत. एक क्रॅथिस किल्ल्याची. तिथे यू नावाच्या सदाहरित झाडाची कुंपणं आहेत, माणसाच्या दुप्पट उंच, भिंतीसारखी गुळगुळीत कातरलेली. ती लावली १७०२ मध्ये. तेव्हा इकडे महाराणी ताराबाई औरंगजेबाशी लढत होत्या. त्या कुंपणांच्या आत चौकोन चौकोन पाडून वेगवेगळ्या रंगांच्या बागा केल्या आहेत. त्या मात्र विसाव्या शतकातल्या, बर्नेट घराण्यातल्या सर जेम्स आणि लेडी सिबिल यांनी केलेल्या. सर जेम्सना झाडाझुडपांचा नाद, बाईंना रंगसंगतीचा. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेल्या भिंतीत यांनी आपला संसार मांडला. सासूबाईंच्या पितळी डब्यांत सुनेने आपले मसाले भरावेत तसा.

दुसरी पिटमेडन. ही १६७५ मध्ये सर अलेक्झांडर सीटन यांनी वसवली. भिंतीच्या आत खाली उतरत्या पातळीवर, वरच्या गच्चीवरून बघायची बाग, रांगोळीसारखी. बॉक्स नावाच्या बुटक्या झुडपांच्या रेषा आणि मध्ये फुलांचे रंग. त्या रेषांची लांबी सगळी मिळून आठ किलोमीटर भरते. पण मधल्या काळात काय झालं? घराला १८१८ मध्ये आग लागली, कागदपत्रं जळाली, मूळ बागेचा आराखडाच उरला नाही. रांगोळी पुसली गेली आणि तिथे भाजीपाला होऊ लागला. १९५२ मध्ये जागा ट्रस्टकडे आली. त्यांनी एडिनबरोच्या राजवाड्याच्या सतराव्या शतकातल्या बागेचं एक जुनं चित्र शोधलं आणि त्यावरून तीन रांगोळ्या नव्याने रेखल्या. चौथीत सीटन घराण्याचं चिन्ह घातलं. बाग सुंदर आहे, जरूर बघा. पण ती सीटन यांची बाग नाही, अंदाजाने केलेली बाग आहे. कागद जळला की एवढंच हाती उरतं.

पश्चिमेकडे जाणार असाल तर डुनूनजवळची बेनमोर. ग्लासगोकडून गोरॉकला जायचं, बोटीने खाडी ओलांडायची, मग थोडा रस्ता. आत शिरताच दोन्ही बाजूंना अमेरिकेतल्या महाकाय रेडवूड झाडांची रांग. एकोणपन्नास झाडं, पन्नास मीटरहून उंच. १८६३ मध्ये लावलेली. आपल्या इमारतीच्या गच्चीवर तेवढीच दुसरी इमारत ठेवली, तरी ती झाडं वर उरतील. ज्याने लावली त्याच्याकडे ती जागा दहा वर्षंही राहिली नाही. त्याने ती जेमतेम माणसाएवढी झालेली पाहिली असतील. नंतरच्या मालकाने डोंगरांवर लाखो झाडं लावली, त्याच्या नंतरच्या घराण्याने १९२५ मध्ये सगळं देशाला देऊन टाकलं, आणि आज एडिनबरोचीच बोटॅनिक गार्डन ती सांभाळते.

त्याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेला आर्डुएन नावाची बाग आहे. ती एका घराण्याने १८९८ पासून वाढवली, पण पुढे हात अपुरे पडले आणि रान माजलं. १९७१ मध्ये एडमंड आणि हॅरी राइट या दोन भावांनी ती विकत घेतली. रोपवाटिका चालवणारी माणसं. ना त्या घराण्याशी नातं, ना त्या गावाशी. वीस वर्षं खपून त्यांनी ती पुन्हा उभी केली आणि १९९२ मध्ये ट्रस्टला देऊन टाकली. म्हणजे मुलगी नसली, वारस नसला, तरी चालतं. हाताला माती लावणारा कुणीतरी लागतो.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. ज्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी मे महिन्यात त्या बागा पेटल्यासारख्या दिसतात, त्यांतली एक जांभळी जात बागांबाहेर पळाली आणि पश्चिमेच्या रानांत पसरली. तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. आता ती तोडायला माणसं आणि पैसा लागतो. आपल्याकडे घाणेरी अशीच शोभेसाठी आली होती.

आता एक मजेची गोष्ट. स्कॉटलंड्स गार्डन्स स्कीम म्हणून एक उपक्रम १९३१ पासून चालू आहे. खासगी घरांचे मालक वर्षातून एखाद-दोन दिवस आपली बाग लोकांना उघडी करतात. थोडं तिकीट, वर चहा आणि घरी केलेले केक. पैसे धर्मादाय कामाला. सुरुवातीला ते घरोघर जाणाऱ्या परिचारिकांसाठी गोळा केले जात. डम्फ्रीजजवळची चार्ल्स जेंक्स आणि मॅगी केझविक यांची विश्वाच्या रचनेवर बेतलेली बाग अशीच सहसा वर्षातून एकच दिवस उघडते. मॅगीबाई १९९५ मध्ये कर्करोगाने गेल्या. रुग्णांना चार भिंतींत प्रसन्न वाटेल अशी जागा हवी, ही त्यांची कल्पना. त्यातून एडिनबरोला १९९६ मध्ये पहिलं मॅगीज केंद्र उघडलं. त्या एका दिवसाच्या तिकिटांचे पैसे या केंद्रांकडे जातात. आम्ही मात्र एका साध्या घरची बाग पाहिली. आजीबाई स्वतः दारात डबा घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या फुलांचं कौतुक केलं, तर त्यांनी लगेच एक फांदी मोडून हातात दिली आणि कशी लावायची ते सांगितलं. विमानात ती आणता येत नाही म्हणून लेकीकडे लावली. जगली आहे.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ऱ्होडोडेंड्रॉन बघायचे तर एप्रिल अखेर ते मे. निळी पॉपी जूनच्या आसपास. क्रॅथिससारख्या फुलांच्या वाफ्यांसाठी जुलै-ऑगस्ट. हिवाळ्यात बऱ्याच बागा बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळा बघून घ्या. ट्रस्टच्या तीन-चार जागा बघणार असाल तर वेगवेगळ्या तिकिटांचा आणि सभासदत्वाचा हिशेब करून बघा. पाऊस कधीही येतो. छत्री वाऱ्यात उलटी होते, त्यापेक्षा टोपीचा रेनकोट बरा. पायांत चांगले बूट, चप्पल नको. पश्चिमेला उन्हाळ्यात वारा पडला की संध्याकाळी चिलटांसारखे बारीक किडे चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी घाबरू नका, पावलोपावली बाक आहेत. बहुतेक बाकांवर कुणाच्या तरी आठवणीची पाटी असते.

तशाच एका बाकावर बसले असताना मी ठरवलं, की परत गेल्यावर काकांच्या नावाची पाटी नको, आधी वही करायची. ती मी केली आहे. दोनशे पानी साधी वही. पहिल्या पानावर तीन कॉकचा नकाशा. पुढे कुठलं झाड कुणी लावलं, कुठल्या वर्षी, कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या आठवणीत. नारळाला खत कधी, आंब्यावर मोहोराच्या वेळी काय करायचं. ए विंगमधल्या आजोबांनी सांगितलेलं आणि माळीदादांनी सांगितलेलं, दोन्ही लिहिलंय. जिथे दोघांचं पटलं नाही तिथे तसंही लिहिलंय.

पण वही एकटी पाणी घालत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी खड्डे खणणारे आम्ही आता साठी-सत्तरीचे आहोत. वाकलं की उठायला हात लागतो. आपल्याकडे लवकरच पुनर्विकासाची, पार्किंगची चर्चा होईल, व्हायलाही हवी. ती होईल तेव्हा बागेच्या बाजूने बोलणाऱ्याला ती माहीत असायला पाहिजे. नुसतं "झाडं वाचवा" म्हणून भागत नाही. कुठली झाडं, कुठली हलवता येतील, कुठली नाही, हे सांगता यायला हवं. म्हणून मला सतरंजीवर बसलेल्यांतले आणि त्यांच्या आईबाबांतले मिळून निदान चार जण हवे आहेत. येत्या रविवारी सकाळी साडेसातला मागच्या फाटकापाशी या. तीन कॉक दाखवते. बाकीचं हळूहळू.



(स्मरणिका छापायला जाताना: त्या रविवारी नऊ जण आले, त्यांत चार मुलं. तिसरा कॉक गंजून बसला होता, तो बदलून घेतला. वही आता सोसायटीच्या कार्यालयात कपाटाच्या वरच्या फळीवर असते आणि तिच्यात माझ्याशिवाय आणखी दोन अक्षरं दिसू लागली आहेत. काकांच्या जागी पावसाळ्यात नवी बकुळ लावली. क्रमांक एक.)